हलाल तर आहे, पण स्वच्छ आहे का?

रविवारी सकाळी मोहल्ल्यातल्या कोणत्याही चिकनच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहून पाहा. ‘लेग पीस वेगळे काढा’, ‘बिर्याणीचे तुकडे करा’, ‘कलेजी-पोटा सोबत टाका’ अशा सूचना एकामागून एक चाललेल्या असतात. दुकान नवे असेल तर जबह कोण करतो, बिस्मिल्लाह म्हणून करतो की नाही, हेही लोक विचारून घेतात. ही चौकशी अगदी योग्य आहे. पण आपले चिकन ज्या लाकडी ओंडक्यावर तुटते तो काल रात्री धुतला होता का, सुरा पुसायचे फडके कधी बदलले, ड्रममधल्या त्याच पाण्यात सकाळपासून किती कोंबड्या बुडवल्या, हे विचारणारे गिऱ्हाईक आम्हाला क्वचितच दिसते.

कुरआनात खाण्यापिण्याविषयी सांगताना ‘हलाल’च्या जोडीला ‘तय्यिब’ हा शब्द येतो. तय्यिब म्हणजे चांगले, निर्मळ, शरीराला हितकारक. पहिल्या शब्दाबाबत आपण जितके जागरूक आहोत तितके दुसऱ्याबाबत आहोत का? चिकन आता सणासुदीचे खाणे राहिलेले नाही. मटणाचे भाव वाढल्यापासून कितीतरी घरांत आठवड्यातून दोन-तीनदा चिकनच शिजते. म्हणून त्यासोबत घरात काय येते, हे माहीत असायला हवे.

जंतू येतात कुठून?

कोंबडीच्या आतड्यात अनेक प्रकारचे जंतू असतात. त्यांतले दोन माणसाला विशेष त्रास देतात. एक साल्मोनेला आणि दुसरा कॅम्पिलोबॅक्टर. साल्मोनेला हे नाव डॅनियल साल्मन या अमेरिकन पशुवैद्याच्या आडनावावरून पडले. हे जंतू पोटात असूनही कोंबडी धडधाकट दिसते, दाणे टिपते, पंख फडफडवते. त्यामुळे ‘जिवंत पाहून घेतली होती’ या वाक्याने रोगी कोंबडी टळेल, जंतू टळणार नाहीत.

फार्मवरून कोंबड्या येतात त्या एकावर एक रचलेल्या जाळीच्या खोक्यांत. वरच्या खोक्यातली विष्ठा खालच्या कोंबड्यांच्या पिसांवर पडते. दुकानात जबह झाल्यावर पिसे काढण्यासाठी कोंबडी गरम पाण्यात बुडवतात. ते पाणी वरचेवर बदलले नाही तर पहिल्या कोंबडीची घाण विसाव्या कोंबडीला लागते. पिसे काढायच्या यंत्राच्या रबरी बोटांवरही तेच. पुढे पोट फाडताना आतडे फुटले तर आतला मळ थेट मांसावर सांडतो. मग ओंडका, सुरा, तराजू आणि पैसे मोजणारे तेच हात. लाकडी ओंडक्याला वर्षानुवर्षांच्या घावांनी चिरा पडतात. त्या चिरांत रक्त आणि मांसाचे कण बसतात आणि पाण्याच्या एका शिंतोड्याने ते निघत नाहीत.

कुणाला वाटेल, ही सगळी आपल्याकडच्या उघड्या दुकानांची कहाणी आहे, मॉलमधल्या पाकिटात असे नसते. इंग्लंडचे उदाहरण पाहा. तिथे कोंबडी कारखान्यात साफ होते, थंड गाडीतून येते, फ्रीजमध्ये विकली जाते. तिथल्या सरकारी अन्न संस्थेने फेब्रुवारी 2014 ते फेब्रुवारी 2015 या वर्षात दुकानांतून चार हजारांहून अधिक ताज्या कोंबड्या घेऊन तपासल्या. त्यांतल्या 73 टक्के कोंबड्यांवर कॅम्पिलोबॅक्टर सापडला. काही पाकिटांच्या बाहेरच्या बाजूवरही तो होता. म्हणजे दुकान कितीही चकचकीत असो, कच्च्या चिकनवर जंतू आहेत असे धरूनच स्वयंपाकघरात वागायला हवे.

हा कॅम्पिलोबॅक्टर आपल्याला अनोळखी नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस अर्थात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, हातापायांतली ताकद जाते, काही रुग्णांना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. त्या वेळी काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आढळला. मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. त्याबरोबरच चिकन पूर्ण शिजवूनच खा, असा सल्लाही लोकांना देण्यात आला. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या बहुतेकांना आठवडाभर जुलाब होतात आणि ते बरे होतात. मोजक्या लोकांत पुढे नसांचा हा आजार उद्भवतो.

फळ्यावरचे गणित

वर्गात घातांक शिकवताना आम्ही जंतूंचे उदाहरण देतो. पुरेशी ऊब आणि ओल मिळाली तर काही जंतू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतात. शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे. मुले म्हणतात, इतके काय मोठे? मग तासाभरात आठशे होतात, दोन तासांत सहा हजार चारशे, आणि चार तासांत चार लाखांच्या पुढे. वर्ग गप्प होतो.

आता हेच गणित बाजाराच्या पिशवीला लावू. सकाळी नऊला चिकन घेतले, पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली, वाटेत भाजी घेतली, बहिणीकडे चहा झाला, बारा वाजता घर गाठले. मे महिन्यातल्या उन्हात साल्मोनेलाला याहून चांगले हवामान कुठे मिळणार? 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा मानतात. म्हणून चिकन सगळ्यात शेवटी घ्यावे आणि सरळ घरी आणावे. त्याची पिशवी वेगळी असावी. पाव, कोथिंबीर, काकडी त्याच पिशवीत मुळीच नको. लगेच शिजवायचे नसेल तर झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्या पदार्थांवर गळणार नाही. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. गोठलेले चिकन ओट्यावर दिवसभर ठेवून सैल करण्यापेक्षा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवावे.

नळाखाली धुवावे की नाही?

इथे आपल्या घरांतल्या जुन्या सवयीला हात लागतो. आपल्याकडे मांस सात पाण्यांनी धुतात. पाणी पांढरे होईपर्यंत दादीचे समाधान होत नाही. यामागे पाकीची भावना आहे आणि तिचा आदर राखूनच आम्ही हे लिहीत आहोत.

अमेरिकेच्या कृषी खात्याने नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठासोबत केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष 2019 मध्ये जाहीर झाले. लोकांना स्वयंपाकघरात चिकन आणि सॅलड करायला सांगितले होते. ज्यांनी कच्चे चिकन धुतले त्यांच्यापैकी 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जंतू आढळले. सिंक साफ केल्यावरही 14 टक्के सिंकमध्ये ते उरलेच. आणि 26 टक्के लोकांच्या हातून ते जंतू कच्च्या खायच्या सॅलडपर्यंत पोचले. ज्यांनी चिकन धुतले नव्हते त्यांच्यातही 31 टक्के लोकांच्या सॅलडमध्ये जंतू गेलेच, कारण हात आणि भांडी नीट धुतली गेली नव्हती. म्हणजे नळाच्या धारेने जंतू मरत नाहीत, ते तुषारांबरोबर ओट्यावर, शेजारच्या ताटावर, कापलेल्या कांद्यावर उडतात. आणि धुणे टाळले तरी हात धुणे टळत नाही.

मग आपण काय करायचे? तिकडचे पाकीटबंद चिकन आधीच साफ होऊन आलेले असते, म्हणून तिकडे ‘धुऊच नका’ असे सांगतात. आपल्या दुकानातल्या चिकनला पिसे चिकटलेली असतात, हाडांचा चुरा असतो, कधी आतड्याचा तुकडा राहिलेला असतो. ते काढावेच लागेल. त्यासाठी नळाची धार नको. खोल पातेल्यात आधी पाणी घ्यावे, त्यात चिकन हळूच सोडावे आणि हात पाण्याखाली ठेवूनच साफ करावे. पाणी उंचावरून न ओतता मोरीत अलगद सोडावे. त्या वेळी आसपास कापलेली भाजी, धुतलेली ताटे, मुलांची दुधाची बाटली असे काही नसावे. नंतर मोरी किंवा सिंक साबणाने घासून गरम पाण्याने धुवावे आणि हात साबणाने किमान 20 सेकंद चोळावेत. मीठ, हळद, लिंबू किंवा व्हिनेगर लावल्याने वास कमी होतो, चव येते. जंतू मारण्याची खात्री त्यांच्यात नाही.

पाकीचा प्रश्न उरतो. जबहच्या वेळी वाहून जाते ते रक्त नापाक. त्यानंतर मांसात उरणारा लालसरपणा माफ आहे, असे फुकहांनी स्पष्ट केलेले आहे. शंका असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारावे. पण पाणी पांढरेशुभ्र होईपर्यंत नळाखाली चोळत बसण्याची गरज यातून निघत नाही.

विस्तवाचे काम विस्तवाने

जंतू मारतो तो विस्तव. चिकनचा आतला भाग 75 अंशांपर्यंत तापला की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही संपतात. या बाबतीत आपले सालन, कोरमा, रस्सा सुरक्षित आहेत, कारण ते खदखदून उकळतात. धोका आहे तो बाहेरून करपलेल्या आणि आतून कच्च्या राहिलेल्या तंगडीत, घाईत तळलेल्या कबाबात, मोठ्या तुकड्यांच्या तंदुरीत. सांध्याजवळ सुरी खुपसून पाहावी. आतले मांस गुलाबी असेल किंवा लालसर पाणी येत असेल तर परत आचेवर ठेवावे. कलेजी मऊ राहावी म्हणून अर्धीकच्ची उतरवू नये. हे जंतू कलेजीच्या आतल्या भागातही असू शकतात.

बरेचदा शिजलेले चिकन निर्दोष असते आणि आजारपण येते ते कचुंबरातून. ज्या सुरीने आणि पाटावर कच्चे चिकन कापले त्यावरच कांदा-काकडी चिरली की झाले! मांसाचा पाट आणि सुरी वेगळी ठेवावी. शक्य नसेल तर कचुंबर आधी चिरून झाकून ठेवावे आणि चिकन नंतर कापावे. कच्चे चिकन मुरवलेला मसाला वरून घालायचा असेल तर तो आधी उकळून घ्यावा.

दावतीची देग ही वेगळी बाब आहे. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जंतू उकळण्यालाही पुरून उरतो, कारण तो टणक बीजाणूंच्या रूपात तग धरतो. मोठी देग उतरवून ठेवली की मध्यभाग तासन्तास कोमट राहतो आणि तिथे तो पुन्हा वाढतो. वलीम्यानंतर रात्री अनेकांचे पोट एकदम बिघडते त्यामागे हे एक कारण असू शकते. वाढेपर्यंत देग गरम वाफेवर ठेवावी. उरलेले अन्न पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करावे, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावे, आणि खाताना पूर्ण उकळून घ्यावे. शेजाऱ्यांना किंवा गरिबांना उरलेले पाठवायचे असेल तर ते ताजे असतानाच पाठवावे. जे आपल्या मुलांना खाऊ घालणार नाही ते दुसऱ्याच्या ताटात का जावे?

रमजानमध्ये रस्तोरस्ती शोर्मा फिरताना दिसतो. मे 2022 मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात शोर्मा खाल्ल्यावर अनेक जण आजारी पडले आणि 16 वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. मे 2024 मध्ये मुंबईत मानखुर्दला 19 वर्षांचा तरुण रस्त्यावरचा शोर्मा खाल्ल्यानंतर दगावला. शोर्म्याच्या शिगेवर बाहेरचा थर भाजलेला असतो, आतला कच्चा. गर्दी वाढली की कापणारा हात आत जातो. त्यावर कच्च्या अंड्याचे मेयोनीज. याच कारणाने केरळने 2023 मध्ये, तेलंगणाने 2024 मध्ये आणि तमिळनाडूने 2025 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी आणली. कापलेले मांस पुन्हा तव्यावर परतून देणाऱ्याकडेच खावे आणि मेयोनीज नको म्हणावे.

औषधांना न जुमानणारे जंतू

कोंबड्या लवकर वाढाव्यात, आजारी पडू नयेत म्हणून काही ठिकाणी खाद्यात किंवा पाण्यात अँटिबायोटिक मिसळले जाते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2014 मध्ये दिल्ली आणि परिसरातले चिकनचे 70 नमुने तपासले, तेव्हा 40 टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश मिळाले. याचा खरा तोटा पुढे होतो. रोज थोडे थोडे औषध पचवून जंतू निबर होतात आणि मग माणसाला तोच संसर्ग झाला की डॉक्टरांचे औषध चालत नाही. कोलिस्टिन हे तर इतर औषधे थकल्यावर वापरायचे राखीव औषध. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने जनावरे व कोंबड्यांसाठी त्याच्या विक्रीवर बंदी घातली. फार्मचे काय करायचे ते सरकार पाहील. आपल्या हातात इतके आहे की जुलाब झाले म्हणून मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून खाऊ नयेत.

दुकानदार भावांसाठी

चिकनची दुकाने चालवणारे पुष्कळ जण आपल्याच बिरादरीतले आहेत. पहाटेपासून उभे राहून ते घर चालवतात. अनेकांच्या दुकानात नळ नाही, सांडपाण्याला वाट नाही. हे ठाऊक असूनही काही गोष्टी सांगाव्याच लागतील. कापण्याच्या जागेपासून पिंजरे दूर ठेवा. गरम पाणी ठरावीक वेळाने बदला. ओंडका रोज रात्री घासा, गरम पाणी ओता, वाळू द्या, आणि फार चिरा पडल्या की बदला. पोट साफ करायची जागा आणि तुकडे करायची जागा वेगळी ठेवा. मांस उघड्यावर टांगू नका. पैशांना हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय मांसाला लावू नका. जुलाब, ताप किंवा हाताला जखम असलेल्या कामगाराला त्या दिवशी कापायला बसवू नका.

2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे ‘फॉस्टॅक’ नावाचे प्रशिक्षणही आहे. मोहल्ला कमिटीने किंवा मशिदीच्या जमातीने पुढाकार घेऊन दहा-वीस दुकानदारांसाठी असा एक वर्ग भरवला तर सगळ्यांचाच फायदा आहे. गिऱ्हाइकांनीही स्वच्छ दुकानात किलोमागे पाच-दहा रुपये जास्त द्यायला कुरकुर करू नये. वारंवार सांगूनही कोणी ऐकत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या 1800-222-365 या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.

आजार झालाच तर

साल्मोनेलाची लक्षणे खाल्ल्यापासून सहा तास ते सहा दिवसांत दिसतात, कॅम्पिलोबॅक्टरची बहुधा दोन ते पाच दिवसांत. म्हणून ‘काल तर काही बाहेरचे खाल्ले नव्हते’ एवढ्यावर थांबू नये, मागचे चार-पाच दिवस आठवावेत. जुलाब-उलटीत पहिले औषध म्हणजे ओआरएस. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. बाळाचे दूध बंद करू नये. शौचातून रक्त, तीव्र ताप, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे किंवा मूल सुस्त होणे यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब डॉक्टर गाठावा. पुढच्या काही आठवड्यांत हातापायांना मुंग्या येऊन अशक्तपणा वाढत असेल तर तेही अंगावर काढू नये. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे आणि मधुमेही यांना लवकर न्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नाने जगात वर्षाला 60 कोटी लोक आजारी पडतात आणि 4 लाख 20 हजार दगावतात. त्यांत पाच वर्षांखालची मुले 1 लाख 25 हजार. इतक्या लहान मुलांनी दुकान निवडलेले नसते, ओटा पुसलेला नसतो. त्यांच्या ताटात काय जाते हे आपण मोठ्यांनी ठरवलेले असते.

म्हणून या रविवारी दुकानावर गेल्यावर हलालची चौकशी करा, आणि त्याच सुरात विचारा, ‘भाईजान, ओंडका धुतला का?’ एकाने विचारले तर दुकानदार हसेल. दहा जणांनी विचारले तर तो धुवायला लागेल.